आवारात कुत्रा, रानात कायोटी: आधी काय करायचं आणि नंतर काय

अमेरिका-कॅनडात शहर सोडून एक-दोन एकरांच्या घरात राहायला गेलेल्या आपल्या लोकांकडून दोन चुका हमखास होतात. पहिली क्रमाची. कायोटी (कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातला इथला रानटी प्राणी) दिसला की आरडाओरडा करत त्याच्याकडे धाव घेतली जाते आणि कुत्रा मागे मोकळाच राहतो. खरं तर आधी कुत्रा ताब्यात घ्यायचा आणि कायोटीकडे नंतर वळायचं. दुसरी चूक ऋतूची. जानेवारीत कायोटीला हुसकावणं बरोबर असतं, पण मे महिन्यात बिळाजवळ तोच प्रकार केला तर अंगावर येतो.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. समोरासमोर गाठ पडल्यावर काय करायचं ते सहाव्या टप्प्यात आहे. पहिले पाच नीट झाले असतील तर त्याची गरज क्वचित पडते.

टप्पा १: प्राणी ओळखा, वर्षाचं चक्र समजून घ्या

कायोटी म्हणजे आपला कोल्हाही नव्हे आणि लांडगाही नव्हे. आकाराने तो या दोघांच्या मधला. पश्चिमेकडच्या राज्यांत वजन साधारण ९ ते १५ किलो भरतं. ईशान्येकडचा जास्त दणकट असतो, तो २० किलोपर्यंतही जातो. हिवाळ्यात अंगावर दाट केस असल्यामुळे आहे त्याहून मोठा वाटतो. लांबून ओळखायची खूण म्हणजे शेपूट: झुपकेदार, टोकाला काळी आणि पळताना खाली झुकलेली. लाल खोकडाच्या शेपटीचं टोक पांढरं असतं.

बर्फात किंवा चिखलात पावलं दिसली तर आकार बघा. कायोटीचं पाऊल लांबट, सुमारे अडीच इंचांचं असतं आणि पुढच्या नखांचे ठसे एकमेकांजवळ उमटतात. एकामागे एक पावलं सरळ रेषेत जातात. पाळीव कुत्र्याचं पाऊल गोलसर आणि बोटं फाकलेली. तो इकडेतिकडे हुंगत नागमोडी हिंडलेला असतो. पायवाटेच्या मधोमध केस आणि फळांच्या बिया असलेली पिळदार विष्ठा दिसली, तर ती वाट कायोटीच्या रोजच्या जाण्यायेण्याची आहे असं धरा.

रात्रीच्या कोल्हेकुईवरून संख्या मोजू नका. दोन कायोटी आवाजाचे इतके चढउतार करतात की सात-आठ असल्यासारखं वाटतं.

वर्षाचं चक्र असं:

- जानेवारी ते मार्च: जोड्या जमण्याचा काळ. मोठ्या कुत्र्याला हद्दीतला प्रतिस्पर्धी समजून अडवण्याची शक्यता वाढते.
- एप्रिल ते जुलै: पिल्लांचा काळ. कायोटी दिवसाढवळ्याही फिरतात. बिळाच्या आसपास कुत्रा अजिबात खपवून घेत नाहीत.
- ऑक्टोबर ते जानेवारी: मोठी झालेली पिल्लं नवी जागा शोधत हिंडतात. अननुभवी आणि भुकेली असल्यामुळे ती आवारात डोकावतात.

तपासणी: दिवसा कायोटी दिसला म्हणजे तो पिसाळलाच असं नाही. उन्हाळ्यात पिल्लांसाठी भक्ष्य शोधणारे आईबाप दिवसाच दिसतात. झोकांड्या खात चालणं, माणसाची अजिबात भीती नसणं, तोंडातून लाळ गळणं ही काळजीची लक्षणं. अंगावरचे केस जाऊन कातडी जाड झाली असेल तर बहुधा खरूज असते. तीही कुत्र्याला लागते.

टप्पा २: आवारातलं खाणं बंद करा

कुंपणावर खर्च करण्याआधी हे करा. कायोटी येतो तो बहुतेक वेळा उंदीर, ससे आणि उष्ट्यामागे. कुत्रा त्याला नंतर दिसतो.

१. कुत्र्याचं खाणं घरातच द्या. पाण्याचं भांडंही रात्री आत घ्या.
२. पक्ष्यांच्या फीडरखालचे दाणे रोज झाडा. दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागे कायोटी.
३. सफरचंद, पेअर, प्लम अशी पडलेली फळं दर दोन दिवसांनी उचला.
४. कंपोस्टमध्ये शिजवलेलं अन्न टाकू नका. आमटी-भात आणि मटणाची हाडं झाकणाला कडी असलेल्या कचरापेटीत जाऊ द्या आणि पेटी कचरागाडी येण्याच्या दिवशी सकाळीच बाहेर काढा.
५. कोंबड्या असतील तर खुराड्याला साधी कोंबडजाळी पुरत नाही. अर्धा इंची वेल्डेड जाळी लावा.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट असते. पितृपक्षात डेकवर कावळ्यासाठी पान ठेवतात, एरवीही उरलेली पोळी पाखरांना टाकतात. पान जरूर ठेवा, पण कावळा शिवो न शिवो, तासाभरात ते आत घ्या. रात्रभर राहिलं तर रॅकून, उंदीर आणि त्यांच्या मागून कायोटी येणारच. मुद्दाम खायला घालणं तर फारच वाईट, कारण माणसाला न घाबरणारा कायोटी असाच तयार होतो. अनेक ठिकाणी ते बेकायदाही आहे.

टप्पा ३: कुंपण, पण खालून वर

कुंपणात लोक वरून सुरुवात करतात. उंची वाढवतात, रोलर बसवतात आणि फाटकाखाली सहा इंचांची फट तशीच राहते. कायोटीला आधी खालून घुसणं सोपं, मग उकरणं आणि सर्वांत शेवटी चढणं. म्हणून काम याच क्रमाने करा.

१. फटी मोजा. कुंपणाच्या कडेने पूर्ण फेरी मारा. चार इंचांपेक्षा मोठी फट दिसली की तिथे खूण करा आणि माप वहीत टिपून ठेवा. उतारावर आणि पाणी वाहून जाण्याच्या जागी हमखास सापडते.

२. जमिनीवर जाळीचा पदर घाला. दोन फूट रुंदीची वेल्डेड जाळी कुंपणाच्या खालच्या कडेला तारेने बांधा आणि बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरा. दर फुटा-दीड फुटावर यू आकाराचे खिळे ठोका. कायोटी कुंपणाला चिकटून उकरतो. पायाखाली जाळी लागली की दोन फूट मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. गवत वाढलं की जाळी दिसतही नाही.

३. फाटक. त्याच्या खाली जमीन खणलीच जाते. तिथे काँक्रीटच्या लाद्यांची एक ओळ पुरा. फाटक आपोआप बंद होण्यासाठी स्प्रिंगची बिजागरी लावा.

४. उंची सहा फूट. त्याहून कमी उंचीवरून धडधाकट कायोटी सहज येतो. तो एका उडीत पलीकडे जात नाही. पुढचे पाय वरच्या कडेवर टेकतो आणि मागच्या पायांनी स्वतःला वर ढकलतो. म्हणून लाकडी कुंपणाच्या आडव्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला असतील तर ती त्याची शिडीच होते.

५. रोलर किंवा बाहेर झुकलेली जाळी. रोलरचं तत्त्व साधं आहे. कडेवर पाय टेकला की नळी फिरते आणि पकड सुटते. घरी करायचा असेल तर एक इंची पीव्हीसी नळी तीन इंची नळीच्या आत घाला, आतल्या नळीतून स्टीलची तार ओवा आणि ती एल आकाराच्या ब्रॅकेटवर ताणून बांधा. बाहेरची नळी हाताच्या एका बोटाने गरगर फिरली पाहिजे. ती कुंपणाच्या कडेपेक्षा वर आणि थोडी बाहेर हवी, नाहीतर कायोटी नळी टाळून सरळ लाकूड धरतो. रोलर नको असेल तर दीड फुटाची जाळी ४५ अंशांत बाहेरच्या बाजूला झुकवा.

सावधान: जमिनीत पुरलेली तार आणि गळपट्ट्याला झटका, या ‘अदृश्य कुंपणा’चा इथे उपयोग नाही. ते तुमच्या कुत्र्याला आत डांबतं, कायोटीला अडवत नाही. वर कुत्र्याला पळून जायलाही जागा उरत नाही.

तपासणी, हिवाळ्यात प्रत्येक मोठ्या बर्फवृष्टीनंतर: कुंपणाला लागून तीन फूट बर्फ साचला की सहा फुटांचं कुंपण तीनच फुटांचं राहतं. कडेने तीन फूट रुंद पट्टा मोकळा करा. लाकडाची रास, मोठी कुंडी, मुलांची घसरगुंडी हेही कुंपणापासून लांब सरकवा.

सगळं आवार बंदिस्त करणं परवडत नसेल तर दाराला लागून दहा बाय वीस फुटांचा तुकडा चारही बाजूंनी नीट बंद करा. अर्धवट कुंपण घातलेल्या एक एकरापेक्षा तो बरा. दहा-अकरा किलोंच्या आतल्या कुत्र्यासाठी त्यावर जाळीचं छतही घाला.

हालचालीवर पेटणारे दिवे आणि पाण्याचे फवारे सुरुवातीला चांगलं काम करतात, मग कायोटीला त्यांची सवय होते. दर दहा-बारा दिवसांनी जागा बदला.

टप्पा ४: कुत्र्याची तयारी

लसी: रेबीज, डिस्टेंपर-पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिस. याखेरीज हार्टवर्म आणि गोचिडांसाठी नियमित औषध. रेबीजच्या प्रमाणपत्राचा फोटो फोनमध्ये ठेवा. चावा झाला की पहिला प्रश्न त्याचाच येतो. कुत्रीची नसबंदी झाली नसेल तर माजाच्या काळात तिला आवारातही एकटं सोडू नका.

पट्टा: सहा फुटांचा, साधा. बटण दाबून लांब होणारा पट्टा गावाबाहेर नको. कुत्रा पंधरा फूट पुढे असतो आणि घाईत दोरी ओढायला गेलं तर तळहात कापतो. छोट्या कुत्र्याला पाठीवर मूठ असलेला हार्नेस घाला, एका हाताने उचलता येतो.

आणीबाणीची हाक: ‘ये’ हा शब्द घरात दिवसभर वापरून गुळगुळीत झालेला असतो. त्यासाठी वेगळा, एरवी कधी न उच्चारला जाणारा शब्द ठरवा. घरातल्या सर्वांनी तोच आणि त्याच सुरात म्हणायचा. रोज दोन वेळा, प्रत्येक वेळी पाच हाका, तीस फुटांच्या लांब दोरीवर. प्रत्येक वेळी उकडलेलं चिकन किंवा चीज. दोन-तीन आठवड्यांनी खार किंवा हरीण दिसत असताना सराव करा. आंघोळीला किंवा रागावायला तो शब्द वापरला की तो मेलाच समजा. मग नवा शब्द आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

कायोटी कुत्र्याला ‘खेळवत’ टोळीकडे नेतात ही समजूत सगळीकडे आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कुत्राच कायोटीमागे धावतो. कायोटी स्वतःच्या हद्दीत पळतो आणि तिथे त्याचा जोडीदार असतो. डाव असो वा नसो, कुत्र्याचे हाल तेच. तेव्हा रानाच्या कडेला पट्टा सोडायचा नाही, हाक कितीही पक्की असली तरी.

दाराजवळच्या खुंटीवर टांगायच्या वस्तू:

- शिट्टी आणि छोटा एअर हॉर्न
- दमदार टॉर्च
- बटणाने उघडणारी छत्री
- चहाचा रिकामा पत्र्याचा डबा, त्यात पंधरा-वीस नाणी, झाकण टेपने बंद
- चार-पाच गोटे, कोटाच्या खिशात

एअर हॉर्न कुत्र्याला आधी ऐकवून ठेवा. लांबून आणि आवाज कापडात दाबून सुरुवात करा, सोबत खाऊ द्या. ऐन वेळी पहिल्यांदा वाजवलात तर कायोटीआधी तुमचाच कुत्रा हिसका देऊन सुटेल.

टप्पा ५: रात्रीची शेवटची फेरी

नोव्हेंबरात घड्याळ मागे गेलं की पाचच्या सुमाराला अंधार पडतो आणि कुत्र्याची संध्याकाळची फेरी नेमकी कायोटीच्या वेळेवर येते. आवारातल्या कुत्र्यांवर हल्ले होतात ते बहुधा अशा दोन-चार मिनिटांत, मालक दारात फोन बघत उभा असताना.

१. आधी बाहेरचा दिवा लावा आणि अर्धा मिनिट थांबा.
२. दार उघडून डबा खुळखुळवा किंवा मोठ्याने बोला.
३. टॉर्च कुंपणाच्या कडेने फिरवा. चमकणारे डोळे दिसले तर कुत्रा आतच राहू द्या.
४. मगच कुत्रा बाहेर, पट्ट्यासह. कुंपण असलं तरीही.
५. कुत्र्यासाठी दारात झडप असेल तर सूर्यास्ताला ती कुलूपबंद करा.

टप्पा ६: समोरासमोर आलात तर

कायोटी दोन-तीनशे फुटांवरून बघून आपल्या वाटेने निघाला असेल तर काहीही करू नका. पट्टा आखडा आणि दुसऱ्या दिशेने चाला. तो थांबून टक लावत असेल किंवा जवळ येत असेल तर:

१. थांबा. पळू नका आणि पाठ फिरवू नका. कायोटी ताशी साठ किलोमीटरच्या आसपास पळतो. तुम्ही पळालात की त्याचा पाठलाग सुरू होतो.

२. कुत्रा ताब्यात घ्या. छोटा असेल तर नजर कायोटीवर ठेवून हार्नेसच्या मुठीने उचला. मोठा असेल तर पट्टा दोन फुटांवर आणा आणि त्याला पायामागे घ्या. कुत्र्यावर ओरडू नका. तुमचा चढलेला आवाज ऐकून तो जास्त भुंकतो आणि ओढतो.

३. मोठे व्हा. हात वर, कोट पसरलेला, छत्री फटकन उघडलेली.

४. आता आवाज. जाड, दमदार, तुटक. ‘हाड! हाड!’ उत्तम चालतं. किंचाळू नका. हॉर्न, शिट्टी, डबा आलटूनपालटून वाजवा.

५. खिशातला गोटा त्याच्या पुढ्यात जमिनीवर फेका, अंगावर नको. दुखावलेला प्राणी काय करेल ते सांगता येत नाही.

६. तो नजरेआड होईपर्यंत आवाज थांबवू नका. अर्ध्यावर सोडण्याची चूक फार होते. तो वीस पावलं मागे जाऊन वळून बघतो, माणसाला वाटतं झालं काम, आणि कायोटी शिकतो की थोडं थांबलं की हा गप्प होतो.

७. मग तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका. घराच्या, गाडीच्या किंवा माणसांच्या दिशेने.

भारतातून आईबाबा काही महिन्यांसाठी आले असतील आणि कुत्र्याला फिरवून आणत असतील तर त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगा. गल्लीतला कुत्रा आला की आपण वाकून दगड उचलायचं सोंग करतो, आणि तिथली कुत्री त्यानेच पळतात. हा उपाय इथे नको. कायोटीला वाकण्याचा अर्थ ठाऊक नाही. त्याला फक्त समोरचा माणूस अचानक निम्मा झालेला दिसतो. गोटे खिशात ठेवायचे ते त्यासाठीच.

अपवाद, एप्रिल ते जुलै: कायोटी पळत नाही, जवळही येत नाही, ठरावीक अंतर ठेवून मागोमाग चालतो, मधूनच भुंकतो. असं झालं तर जवळपास बीळ आहे आणि तो तुम्हाला हद्दीबाहेर सोडायला आला आहे. इथे वरचे चौथा, पाचवा आणि सहावा हे मुद्दे वगळा. कुत्रा आखडून किंवा उचलून, कायोटीवर नजर ठेवत, आल्या वाटेने परत फिरा. तुम्ही आवाज वाढवलात तरी पिल्लं सोडून तो हटणार नाही, उलट जोडीदार येऊन मिळेल. पुढचे काही आठवडे ती वाटच सोडा. कोपऱ्यात सापडलेल्या किंवा जखमी कायोटीलाही हुसकावायचं नाही. त्याला वाट मोकळी करून द्या.

कुत्रा सुटून मागे धावलाच तर आणीबाणीची हाक दोनदा द्या आणि लगेच हॉर्न वाजवत त्या दिशेने चालू लागा. दोघं भिडले असतील तर मध्ये हात घालू नका. स्वतःचा कुत्राही त्या वेळी मालकाला चावतो. पाण्याचा पाइप, हॉर्न, अंगावर फेकलेला जाड कोट यांनी सोडवा.

माणसावरचे हल्ले दुर्मीळ आहेत. कायोटीमुळे माणसाचा मृत्यू झाल्याच्या पक्क्या नोंदी दोनच: १९८१ मध्ये कॅलिफोर्नियात आणि २००९ मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात. पहिल्या घटनेतलं मूल तीन वर्षांचं होतं. म्हणून लहान मूल सोबत असेल तर त्याला कुत्र्याआधी उचला.

टप्पा ७: चावा झाला तर

वरून दिसणाऱ्या जखमेवर विसंबू नका. कायोटी छोट्या कुत्र्याला धरून झटकतो. बाहेर दोन बारीक भोकं आणि आत स्नायू फाटलेले, बरगडी मोडलेली, असं असू शकतं. कुत्रा उठून शेपूट हलवत असला तरी त्याच दिवशी व्हेटकडे न्या.

१. तोंड बांधा, मऊ पट्टीने. दुखणारा कुत्रा चावतो. श्वास लागत असेल तर मात्र बांधू नका.
२. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने सलग पाच मिनिटं दाबा. मध्ये उचलून बघू नका, धरलेली गुठळी निघते.
३. छातीच्या जखमेतून बुडबुडे येत असतील तर स्वयंपाकघरातली प्लास्टिक फिल्म त्यावर दाबून धरा.
४. हिरडी बोटाने दाबून सोडा. गुलाबी रंग दोन सेकंदांत परत आला नाही, किंवा हिरड्या पांढुरक्या असतील, तर कुत्रा ‘शॉक’मध्ये आहे, म्हणजे त्याचं रक्ताभिसरण कोलमडतं आहे. पांघरूण घाला आणि बाकी सगळं सोडून निघा.
५. निघण्याआधी फोन करा. खेडेगावात रात्री उघडा असलेला दवाखाना तासाभराच्या अंतरावर असू शकतो. तो नंबर आजच फ्रिजवर लावा.

सावधान: आयबुप्रोफेन, टायलेनॉल असं माणसांचं वेदनाशामक देऊ नका. कुत्र्याला ते विष आहे. जखमेत हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा हळदही भरू नका. व्हेटला ती आधी खरवडून काढावी लागते.

रेबीज: कुत्र्याची लस मुदतीतली असेल तर अमेरिकेतल्या पद्धतीप्रमाणे ९६ तासांच्या आत बूस्टर आणि ४५ दिवस घरीच निरीक्षण. कधीच लस दिलेली नसेल तर ताबडतोब लस देऊन चार महिने कडक विलगीकरण किंवा दयामरण, एवढेच पर्याय उरतात. राज्यानुसार तपशील बदलतो, तो व्हेट सांगतील. कुत्र्याच्या अंगावरची लाळ तुमच्या हाताला लागते, म्हणून हातमोजे घाला. तुम्हालाच चावा किंवा ओरखडा असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

टप्पा ८: नंतरची कामं

तारीख, वेळ, जागा, कायोटी किती होते आणि कसे वागले हे लगेच लिहून ठेवा. माणसाकडे सरळ चालत येणं, पट्ट्यावरच्या कुत्र्यावर झडप, आजारपणाची लक्षणं यांपैकी काही असेल तर राज्याच्या किंवा प्रांताच्या वन्यजीव खात्याला कळवा. नुसता दिसला म्हणून फोन करण्याचा उपयोग नाही.

स्वतः पिंजरा लावून कायोटी दुसरीकडे सोडणं अनेक राज्यांत बेकायदा आहे आणि निरर्थकही, कारण रिकाम्या झालेल्या हद्दीत नवी जोडी येते. विषाचं आमिष तर नकोच. ते पहिल्यांदा शेजाऱ्याचा किंवा तुमचाच कुत्रा खातो.

दुसऱ्या दिवशी उजेडात कुंपणाची पूर्ण फेरी मारा, पहिल्या मापाची वही हातात घेऊन. कायोटी जिथून आला तिथे केसांचा पुंजका, उकरलेली माती किंवा घासून गुळगुळीत झालेली कड सापडते. ती जागा बुजवेपर्यंत कुत्रा आवारातही पट्ट्यावरच राहील. पुढचे दोन आठवडे फेरीची वेळ आणि वाट बदला.